जेवणाची वेळ कोण ठरवतं?

आमच्या घरात रात्रीचं जेवण एकदा शिजायचं आणि चार वेळा वाढलं जायचं. मुलगा सात वाजता शिकवणीवरून आला की ताट मागायचा. मुलगी क्लासवरून साडेआठला यायची. मुलांचे अब्बा दुकान बंद करून साडेनऊला. सगळ्यात शेवटी, कधी दहाला तर कधी सव्वादहाला, अम्मी आणि मी. अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. चार वेळा गरम करायचं, चार वेळा दस्तरखान झाडायचा. शाळेतून येऊन सहा वाजता ओट्यापाशी उभी राहिले की साडेदहापर्यंत मी स्वयंपाकघरातच असायची, आणि एवढं करून कुणी विचारलं असतं की आज सोबत कोण जेवलं, तर उत्तर होतं, कुणीच नाही.

हे असंच चालू राहिलं असतं. पण मागच्या हिवाळ्यात एका रात्री अम्मींनी नेहमीप्रमाणे आठ वाजता इन्सुलिन घेतलं आणि लेकाची वाट पाहत बसल्या. लग्नसराईचे दिवस, दुकानात गर्दी. मी दोनदा म्हटलं, "अम्मी, खाना निकालूं क्या?" दोन्ही वेळा तेच उत्तर आलं, "उसे आने दे. मैं बाद में खाती." नऊ वाजता त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. मुलीने घरातल्या मशीनवर साखर तपासली तर ५२. साखरेचं पाणी पाजलं, थोड्या वेळाने त्या सावरल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "इन्सुलिन घड्याळ बघून घेता आणि जेवण मुलगा बघून, असं कसं चालेल?"

ती चूक अम्मींची नव्हती. घरातली शिकलेली सून मी. मशीन मला वाचता येतं, औषधाची चिठ्ठी मीच वाचते. पण घरात रात्रीचं जेवण कधी होतं हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. जो सगळ्यात शेवटी येतो, तो आल्यावर होतं, बस्स.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. अडचण आली की पुस्तकं उघडायची, ही बी.एड.पासूनची खोड. आमच्या दखनी घरातलं रात्रीचं जेवण पूर्वी कसं, केव्हा आणि कोणत्या क्रमाने होत असे, हे शोधायला बसले. पाककृती भरपूर सापडल्या. माळव्याच्या सुलतानाच्या मांडूच्या दरबारातलं 'निमतनामा' आहे, अबुल फजलचं 'आईन-ए-अकबरी' आहे, मराठीत १८७५ चं 'सूपशास्त्र' आहे, १९७० चं 'रुचिरा' तर आमच्या शेजारच्या काकूंकडे अजून आहे, हळदीच्या डागांसकट. काय शिजवायचं आणि कसं, ते सगळ्यांत आहे. केव्हा आणि कुणाच्या सोयीने, हे मात्र ओळींच्या मधल्या जागेत शोधावं लागतं.

'आईन'मध्ये ते एका ठिकाणी चक्क सापडतं. अबुल फजल सांगतो की बादशाह अकबर चोवीस तासांत एकदाच जेवत असे आणि त्या जेवणाची ठरलेली वेळ नव्हती. मुदपाकखान्यात सगळी तयारी अशी असायची की हुकूम आल्यापासून तासाभरात शंभर पदार्थ समोर मांडता यावेत. लिहिणाऱ्याने हे बादशाहच्या साधेपणाचं आणि कारखान्याच्या शिस्तीचं वर्णन म्हणून लिहिलंय. मी ते वाचताना आमच्या स्वयंपाकघराकडे पाहिलं. एका माणसाच्या जेवणाला वेळ नाही, म्हणून बाकी सगळे दिवसभर तयारीत. प्रमाण वेगळं, रीत तीच. शंभर पदार्थ नसले म्हणून काय झालं, हुकूम येईपर्यंत गॅसजवळ मीही उभीच होते की!

त्याच 'आईन'मध्ये खिचडीचंही प्रमाण दिलं आहे. तांदूळ, डाळ आणि तूप तिन्ही समान, पाच-पाच शेर. डाळीइतकं तूप! हे वाचून दाखवलं तर अम्मी हसत सुटल्या.

खरी माहिती मिळाली ती एका परदेशी माणसाकडून. फ्रान्सिस्को पेल्सार्ट हा डच कंपनीचा व्यापारी, जहांगीरच्या काळात आग्र्याला सहा-सात वर्षं राहिला. १६२६ च्या सुमारास त्याने कंपनीसाठी एक अहवाल लिहिला, निळीचे भाव, कापडाचे भाव वगैरे. त्यात कारागीर आणि मजूर काय खातात, हेही त्याने नोंदवून ठेवलं. मूग आणि तांदळाची खिचडी, थोड्या विस्तवावर पाणी आटेपर्यंत शिजवलेली, संध्याकाळी गरम गरम लोण्याबरोबर खायची. दिवसा मात्र भाजलेली डाळ नाहीतर दुसरं काही धान्य चघळत राहायचं. म्हणजे कष्टकऱ्याच्या घरात चूल पेटायची ती संध्याकाळी, आणि चुलीवर एकच भांडं चढायचं. जळण थोडं, वेळ थोडा, भांडी थोडी, आणि भूक मोठी. आज मासिकांतून 'झटपट एका भांड्यातलं जेवण' म्हणून जे छापतात, ते चारशे वर्षांपूर्वी आग्र्याच्या विणकराच्या घरात रोज होतं. त्याला कुणी पाककृती म्हटलं नाही, इतकंच.

इब्न बतूता त्याच्याही तीनशे वर्षं आधीचा. तो दिल्लीपासून दौलताबादपर्यंत फिरला. मूग-तांदूळ एकत्र शिजवून तुपाबरोबर खातात, त्याला 'किश्री' म्हणतात, असं तो लिहितो, पण त्याने ती सकाळच्या न्याहारीला पाहिली. हैदराबादेत आजही खिचडी सकाळीच होते, सोबत खट्टा, कीमा आणि पापड. आमच्याकडे ती रात्रीची. औरंगजेबाने शहजादा आझमला लिहिलेल्या एका पत्रात त्याच्याकडे हिवाळ्यात खाल्लेल्या खिचडीची आणि बिर्याणीची आठवण काढली आहे. (हे नाव सध्या नुसतं घेतलं तरी जेवण बाजूला राहतं, म्हणून पुढे जाते.)

पण मला सगळ्यात आवडला तो अफनासी निकितिन. हा रशियन व्यापारी १४६९ नंतरची दोन-तीन वर्षं दखनमध्ये होता, बहमनी सुलतानांच्या बिदरला. बिदर आमच्यापासून फार लांब नाही. तो लिहितो की इथे घोड्यांना वाटाण्यासारखं कडधान्य घालतात आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडीही देतात. घोडा त्या काळी समुद्रापलीकडून येणारी महाग वस्तू. त्याची बडदास्त तशीच राहणार. त्याला वेळेवर आणि शिजवून मिळत होतं. त्याच राजवटीतल्या खरारा करणाऱ्या माणसाच्या बायकोने रात्री काय खाल्लं, केव्हा खाल्लं, हे निकितिनने लिहिलेलं नाही.

घोड्यांचा विषय आमच्या गावाला परका नाही. आजच्या अंबाजोगाईचं निजामाच्या काळातलं सरकारी नाव मोमिनाबाद. हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची इथे छावणी होती. १९०३ च्या सुमारास कंटिन्जंट मोडून ते घोडदळ इंग्रजांच्या हिंदी फौजेत मिसळलं. गावातली जुनी माणसं छावणीच्या गोष्टी अजून सांगतात. घोड्यांना लागणारं कडधान्य म्हणजे हुलगा, आमच्या बोलीत कुलथी. इंग्रजीत तर या धान्याचं नावच घोड्यावरून पडलं आहे. आणि याच हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे हे बीड, लातूर, नगरकडचं थंडीतलं रात्रीचं जेवण. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं घालून मळायचं, हातावर वळून त्याच्या कड्या करायच्या, उकळत्या पाण्यात सोडायच्या. कालवण आणि भाकरी एकाच पातेल्यात. हिंदू घर असो की मुसलमान घर, पाऊस-थंडीच्या रात्री दमलेली बाई हेच करते. आम्ही त्याच कुलथीचं कट करतो आणि भातावर घेतो.

खिचडी काय आणि शेंगोळे काय, दोन्हींचं गणित एकच, बाईचे हात वाचवणं. कारण भाकरीचं गणित फार निष्ठुर आहे. ज्वारीचं पीठ ठेवून चालत नाही, त्याची विरी जाते, मग भाकरी थापता थापता चिरते. म्हणून गिरणी येण्याआधी रोज पहाटे जातं. भाकरी एकदम दहा होत नाहीत. एक थापायची, एक शेकायची, एक वाढायची. जो जेवतो त्याला गरम, जी करते ती चुलीपुढे. सगळ्यांबरोबर बसणं तिला शक्यच नसतं. 'बायका मागून जेवतात' याला आपण कधी धर्माचं, कधी संस्कृतीचं कारण देतो. त्यातलं निम्मं कारण तव्यावर आहे, असं मला वाटतं. उरलेलं निम्मं मात्र तव्यावर नाही, कारण गॅस आला, कुकर आला, डबाभर पीठ दळून मिळायला लागलं, तरी आम्ही मागूनच जेवत राहिलो.

कुकरचं सांगते. भारतात प्रेशर कुकर बनवायला १९५९ मध्ये सुरुवात झाली, हॉकिन्स आणि प्रेस्टिज या दोन्ही नावांची सुरुवात त्याच वर्षातली. बंद भांड्यात वाफ कोंडली की पाणी शंभरऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळतं, म्हणून डाळ लवकर मऊ होते. पण आमच्यासारख्या घरांत तो पोहोचायला आणखी पंचवीस-तीस वर्षं लागली. माझ्या आईच्या घरी कुकर आला तेव्हा ती शिट्टीला घाबरून अंगणात जाऊन उभी राहायची. तोवर जळण म्हणजे तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या. तुराट्या भर्रकन पेटतात आणि भर्रकन विझतात, त्यांच्यावर डाळ शिजवायची तर बाईला उठताच येत नाही. म्हणून डाळ दिवसा गोवरीच्या मंद आचेवर ठेवून द्यायची, रात्री नुसती फोडणी. 'आधी करून ठेवणं' ही अक्कल फ्रीजबरोबर आली, असं माझ्या मुलीला वाटतं. तिच्या पणजीला ती होती.

अम्मींना यावर बोलतं केलं तर त्या १९७२ वर गेल्या. दुष्काळात त्या पंधरा वर्षांच्या होत्या, खडी फोडायच्या कामावर जायच्या. ज्वारी बाजारातून नाहीशी झाली होती, अमेरिकेतून आलेला लाल मिलो रेशनवर मिळायचा. "मिलो की रोटी हात पे ही टूटती थी," त्या म्हणाल्या. कामावर सुकडी मिळे, ती लहान भावंडांसाठी पदरात बांधून आणायची. दिवे लागायच्या आत सगळे जेवून घेत, कारण रॉकेल नव्हतं. मी विचारलं, "सगळे सोबत?" त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हौ, सब साथ में. थाली एकच थी." त्यांच्या आठवणीत घरातल्या सगळ्या बायकांनी पुरुषांबरोबर बसून रोज जेवण्याचे दिवस दुष्काळातले आहेत. हे ऐकून मला पुढचा प्रश्न सुचला नाही.

आमच्या जिल्ह्यातली आणखी एक संध्याकाळ आहे, ती टाळून पुढे जाता येत नाही. दिवाळीच्या आसपास तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवरून हजारो कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कोयता म्हणजे एक नवरा-बायकोची जोडी. पोरं शाळेतून गायब होतात. एका विद्यार्थ्याच्या आईने सांगितलं होतं की पहाटे तीनला उठून भाकरी, मग दिवसभर उसाच्या मोळ्या, आणि रात्री वाहन येईल तेव्हा भरायला जायचं. वाहन सातला येईल, नाहीतर बाराला. "मग जेवण?" मी विचारलं होतं. "वाहनाच्या आधी जमलं तर आधी, नाहीतर मागून." अकबराच्या जेवणाला वेळ नव्हती आणि हिच्याही जेवणाला वेळ नाही. त्याला वेळ नव्हती कारण सगळे त्याच्यासाठी थांबत होते. हिला नाही कारण ही सगळ्यांसाठी थांबते.

हे सगळं डोक्यात फिरत असताना शाबान संपत आला आणि रमजानची तयारी सुरू झाली. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी इतक्या वर्षांत दिसली नव्हती. रमजानमध्ये काम दुप्पट असतं. पहाटे सहरी, संध्याकाळी इफ्तार, मग जेवण. पोटात पाण्याचा थेंब नसताना भजी तळायची. तरीही महिनाभर आमच्या घरात सगळे एका मिनिटाला दस्तरखानवर असतात. शिकवणी असो, क्लास असो, दुकानात गिऱ्हाईक उभं असो, मगरिबच्या अजानला सगळे हजर. अम्मींना रोजा माफ आहे, तरी त्यांचं ताटही त्याच वेळी. ईदचा चाँद दिसला की दुसऱ्या रात्रीपासून पुन्हा चार जेवणं. महिनाभर जे जमतं ते अकरा महिने का जमत नाही?

कारण साधं आहे. रमजानमध्ये वेळ सूर्य ठरवतो. घरातला शेवटचा पुरुष ठरवत नाही. स्वयंपाक करणारी कुणाची वाट पाहत नाही, येणारेच धावत येतात.

आपल्या हिशोबात तर दिवसच मगरिबला सुरू होतो. गुरुवारची संध्याकाळ ही जुम्म्याची रात्र धरली जाते. म्हणजे रात्रीचं जेवण हे दिवसाचं शेवटचं नाही, नव्या तारखेचं पहिलं जेवण आहे. आणि बुखारी-मुस्लिममध्ये हदीस आहे की जेवण वाढलेलं असताना नमाज उभी राहिली तर आधी जेवून घ्यावं, घाई करू नये. इब्न उमर यांच्याबद्दल सांगतात की इमामाची तिलावत कानावर येत असली तरी ते ताट पूर्ण करून मगच उठत. जेवणाच्या वेळेची एवढी कदर. इशाच्या आधी झोपणं आणि इशानंतर गप्पा मारत बसणं हजरतांना पसंत नव्हतं, हेही हदीसमध्ये आहे. आम्ही इशानंतर जेवायला बसत होतो, आणि त्यानंतर भांडी.

तर आता आमच्याकडे बाराही महिने साडेसात. जून-जुलैत मगरिब सातच्या आसपास होते, डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास. साडेसात दोन्हीकडे बसतं. हिवाळ्यात कधी इशाच्या जमातीची वेळ गाठ पडते, त्याचं उत्तर वर दिलंच आहे. अम्मींचं इन्सुलिन सातला. वेळ आधी ठरली, मग पदार्थ आपोआप ठरत गेले, हे मला उशिरा कळलं. इतकी वर्षं मी उलट करत होते, आधी काय करू म्हणून डोकं धरून बसायचं.

सकाळी डब्याच्या वेळी तुरीची डाळ जास्तीची शिजते. संध्याकाळी तिची खट्टी दाल होते, दुधी असला तर दालचा. आलं-लसूण आठवड्याचं रविवारी वाटून, कांदा तळून बरणीत. अंबाडी निवडायचं काम मुलाकडे. तो मोबाइल बघत निवडतो, देठं राहतात, राहू देत. भाकरी मी साडेसहाला करून फडक्यात ठेवते. तव्यावरची गरम भाकरी आता कुणालाच मिळत नाही, पहिले काही दिवस त्यावर कुरकुर झाली. आठवड्यातून दोनदा खिचडी-खट्टा. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मसूर, हळद, भिजवून ठेवायचं. मगरिबची नमाज होईपर्यंत छान भिजतं. कुकर लावला की तो थंड होईपर्यंत खट्टा. चिंचेचा कोळ, भाजलेल्या तीळ-शेंगदाण्यांची पूड, कच्चा कांदा, हिरवी मिरची, भाजून चुरलेलं जिरं. गॅस लागत नाही. अम्मींच्या ताटात भात कमी, भाजी आणि डाळ जास्त. पापड मुलगी भाजते, निम्मे करपतात.

अडचण एकच होती. मुलांच्या अब्बांना पहिल्या रात्री झाकलेलं ताट दिसलं तेव्हा ते म्हणाले, "मतलब अब मैं अकेला खाऊं?" मी काही बोलले नाही. अम्मीच आतून म्हणाल्या, "मैं चालीस साल अकेली खाई." त्या हे रागाने म्हणाल्या नव्हत्या. चौकशीला उत्तर द्यावं तसं म्हणाल्या. पंधरा दिवसांनी ते एके दिवशी सव्वासातला घरी आले. दुकान चालत दहा मिनिटांवर आहे, कामावरचा मुलगा गल्ल्यावर बसू शकतो. आता आठवड्यातून चार दिवस येतात, जेवतात, पुन्हा जाऊन दुकान बंद करून येतात. क्लासची वेळ काही बदलली नाही. मुलीचं ताट झाकलेलंच असतं, पण ती आली की कुणीतरी तिच्याजवळ बसतं, बहुतेक वेळा तिचे अब्बाच.

अम्मींना सगळ्यांबरोबर बसायची सवय व्हायला वेळ लागला. घास हातात घेऊन दाराकडे बघायच्या. "उसका निकाल के रखी ना?" हे तीनदा विचारून मग खायच्या. महिन्याभराने एका रात्री त्यांनी खट्टा चाखला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "नमक कम है. और जीरा जला दी तू." बावीस वर्षांत माझ्या हातच्या जेवणाला त्यांनी काढलेलं हे पहिलं खोट. मी उठून मीठ आणलं.